घर आणि शाळा : सहलीची चिठ्ठी

कार्तिक वद्य एकादशीची निर्मळची यात्रा आटोपली, सुकेळीच्या पुड्या घरोघर पोहोंचल्या, आणि भुईगांवच्या वाड्यांतून पहांटे धुकें उतरूं लागलें, कीं शाळकरी मुलांच्या मनांतून पुस्तकें उतरूं लागतात असा आमचा नेहमींचा अनुभव आहे. डिसेंबर-जानेवारीचे हे दिवस स्नेहसंमेलनाचे, खेळांच्या सामन्यांचे व सहलींचे. ख्रिस्ती शेजाऱ्यांकडे नाताळाची तयारी चाललेली असते. गिरीज, वाघोली, भुईगांव ह्या बाजूचीं आमचीं मुलें त्यांच्या मुलांबरोबर एकाच बांकावर बसतात, त्यामुळें गव्हाणी कोणाची अधिक सुंदर झाली हा प्रश्न सामवेदी ब्राह्मणाच्या माजघरांतही तितक्याच हिरीरीनें चर्चिला जातो. अशा ह्या आनंदाच्या गडबडींत एके दिवशीं मूल घरीं येतें आणि दप्तरांतून एक छापील चिठ्ठी काढतें : अमुक तारखेस सहल जाणार, अमुक रक्कम पाठवावी, खालीं पालकांनीं सही करावी.

ह्या महिन्याच्या सदरांत त्या चिठ्ठीसंबंधींच चार शब्द लिहावयाचें आम्ही योजिलें आहे. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु घर आणि शाळा ह्यांच्यामध्यें वर्षभरांत जे कागद फिरतात, त्यांत हा एकच कागद असा आहे कीं ज्यावर सही करतांना आपण आपलें मूल दिवसभरासाठीं दुसऱ्याच्या हातीं देत असतों, आणि तोच कागद आपण सर्वांत कमी वाचतों.

एकत्र कुटुंबांत मुलाला एक आईबाप नसून दहा असतात, असें आपण अभिमानानें सांगतों व तें पुष्कळ अंशीं खरेंही आहे. मूल आजारी पडलें तर रात्रभर जागावयास माणसें आहेत, परीक्षेच्या वेळीं गणित समजावावयास काका आहेत, रागावलेल्या आईपासून लपावयास आजीचा पदर आहे. परंतु ह्या श्रीमंतीला एक भोंक आहे. दहा माणसें जेथें जबाबदार, तेथें प्रत्येकाला वाटतें कीं बाकीच्या नऊंपैकीं कोणीतरी चौकशी केलीच असेल.

वसईकडील एका सुशिक्षित घरांतील हकीकत सांगतों. सातवींतल्या मुलानें चिठ्ठी आणली. आई स्वयंपाकांत होती, ती म्हणाली, "भाऊजींना दाखव रे, त्यांना शाळेचें सगळें ठाऊक असतें." काकांनीं वरच्या दोन ओळी वाचल्या व म्हणाले, "दादा सही करतील, मी कशाला मध्यें?" वडिलांना सकाळची लोकल गांठावयाची होती, त्यांनीं पायांत चपला सरकवतां सरकवतां भिंतीला कागद टेंकून सही ठोकली. संध्याकाळीं आजोबांच्या कानांवर गोष्ट गेली, तेव्हां ते म्हणाले, "सही झाली म्हणजे चौकशी झालीच असणार." अशा रीतीनें चार कर्त्या माणसांच्या हातांखालून तो कागद गेला, आणि सहल कोठें जाणार, बरोबर शिक्षक किती, त्यांपैकीं पोहतां कोणास येतें, हें एकालाही विचारावेंसें वाटलें नाहीं.

विचारलें तें आजींनीं, आणि तेंही निराळ्याच शब्दांत. त्या म्हणाल्या, "त्या दिवशीं तिथी कोणती रे?"

घरांत हशा पिकला. आई आतां सहलीलाही मुहूर्त पाहणार, असें काका म्हणाले. आजींनीं मात्र पंचांग मागविलें, आणि सहल नेमकी अमावास्येस येते असें पाहिल्यावर विचारलें, "आणि समुद्रावर मुलें किती वाजतां पोहोंचणार?" चिठ्ठींत लिहिलें होतें : सकाळीं दहा वाजतां किनाऱ्यावर आगमन, खेळ, एक वाजतां भोजन. "म्हणजे ऐन उधाणाच्या भरतींत मुलें पाण्याशीं खेळणार, आणि पाणी ओसरूं लागेल तेव्हां जेवणाआधीं एकदां शेवटचें म्हणून पुन्हां उतरणार," त्या म्हणाल्या. हशा थांबला.

आजींचें गणित आमच्या कित्येक वाचकांस ठाऊक असेल. ज्यांस नसेल त्यांच्यासाठीं लिहितों. मुंबईजवळच्या ह्या किनाऱ्यावर तिथीचा आंकडा घ्यावा, त्याची पाऊणपट करावी, म्हणजे भरती पूर्ण होण्याची वेळ स्थूलमानानें निघते. चतुर्थीस चाराची पाऊणपट तीन, म्हणून पूर्ण भरती तीन वाजण्याच्या सुमारास. अष्टमीस सहाच्या सुमारास. पौर्णिमा-अमावास्येस सवाअकरा ते बारा. त्यानंतर सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी, आणि पुन्हां तितक्याच अवधीनें भरती. ह्याचें कारण सरळ आहे. चंद्र रोज आदल्या दिवसाहून सुमारें पन्नास मिनिटें उशिरां डोक्यावर येतो, आणि भरती त्याच्या मागोमाग तितकीच उशिरां येते. पन्नास मिनिटें म्हणजे तासाच्या पाऊण हिश्शाहून थोडीं अधिक. पौर्णिमा व अमावास्या ह्या दिवशीं सूर्य आणि चंद्र ह्यांचे ओढे एका रेषेंत येऊन एकमेकांत मिळतात, म्हणून त्या सुमारास पाणी सर्वांत वर चढतें व सर्वांत खोल मागें हटतें, ह्यालाच आपण उधाण म्हणतों. अष्टमीच्या आसपास हा चढउतार सर्वांत कमी. छापील तक्ते अधिक अचूक असतात व ते पाहावेच. परंतु ज्या घरांत पंचांग रोज उघडलें जातें, त्या घरानें सहलीची चिठ्ठी आली असतां तें उघडूं नये, ह्याला काय म्हणावें!

भुईगांव, कळंब, राजोडी ह्या बाजूचा किनारा सपाट वाळूचा आहे. सुरूच्या बनांतून बाहेर पडलें म्हणजे ओहोटीच्या वेळीं पाणी इतकें दूर गेलेलें दिसतें कीं मुलांस तें पकडण्यासाठीं धांवावेंसें वाटतें. परंतु सपाट किनाऱ्याचा धोका हाच. तेथें समुद्र भिंतीसारखा समोरून चढत नाहीं. वाळूच्या दोन उंचवट्यांमधील सखल घळींत पाणी आधीं शिरतें, आणि पुढें गेलेल्या माणसाच्या पाठीमागें गुडघाभर पाणी झालेलें त्याच्या ध्यानांतही येत नाहीं. उलट ओहोटी लागली असतां लाट लहान दिसते, पण पायांखालची वाळू ओढून नेणारा ओढा मात्र जबर असतो. पोहतां येणारें मूलही ह्या ओढ्याविरुद्ध सरळ किनाऱ्याकडे येऊं पाहतें व थकतें. ओढ्यांत सांपडल्यास आडवें, किनाऱ्यास समांतर जावें, आणि ओढा संपल्यावर आंत वळावें, हें कोळ्यांच्या मुलांस ठाऊक असतें, आपल्या मुलांस नसतें.

ही भीति पुस्तकी नव्हे. १ फेब्रुवारी २०१६ रोजीं रायगड जिल्ह्यांतील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलींतील १४ तरुण मुलेंमुली बुडून गेलीं. तीं लहान नव्हतीं. शिकलेलीं, समंजस होतीं. समुद्रच काय, तळेंही पुरें होतें : १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोद्याच्या हरणी तलावांत शाळेच्या सहलीची नाव उलटून १२ विद्यार्थी व २ शिक्षिका मृत्यु पावल्या. नावेंत मावतील त्याहून अधिक माणसें बसविलीं होतीं, आणि पुष्कळ मुलांच्या अंगांत तरंगण्याचीं जाकिटें नव्हतीं. त्या दिवशीं सकाळीं त्या घरांतूनही डबे भरले गेले असतील, आणि त्या चिठ्ठ्यांवरही सह्या झाल्या असतील.

आम्ही सहलींच्या विरुद्ध नाहीं. मुलांनीं वसईचा किल्ला पाहावा, १७३९ च्या त्या तटाला हात लावावा, सोपाऱ्याचा स्तूप पाहावा, समुद्र तर अवश्य पाहावा. मुलांस घरांत कोंडून ठेवणारी काळजी ही काळजी नव्हे, आळस आहे. आमचें म्हणणें इतकेंच, कीं चिठ्ठीवर सही करण्यापूर्वीं घरांतील एका माणसानें, आणि तें माणूस कोण हें घरांत आधींच ठरलेलें असावें, शाळेंत जाऊन विचारावें : पाण्याजवळ जाणार काय, कोणत्या वेळीं जाणार, किती मुलांमागें एक मोठें माणूस आहे, आणि मुलांची मोजणी किती वेळां व कोण करणार. चांगल्या शाळेला ह्या प्रश्नांचा राग येत नाहीं. ज्या शाळेला येतो, तिचा राग हेंच त्या प्रश्नांचें उत्तर समजावें. वरील घरांत पुढें काकाच मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें व सहल आठ दिवस पुढें ढकलली. आजींना मात्र हें श्रेय कोणी दिल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं.

आतां संमेलनाकडे वळूं. रंगीत पडदे, कनातीचा मंडप, विजेच्या माळा, आणि पहिल्या रांगेंत पाहुण्यांच्या खुर्च्या. हें चित्र ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे त्यांनीं मंडी डबवाली हें नांव विसरूं नये. हरियाणांतील त्या गांवीं २३ डिसेंबर १९९५ रोजीं एका शाळेचा वार्षिक समारंभ मंडपांत चालला असतां आग लागली. कापड कृत्रिम धाग्याचें, बाहेर पडावयास वाट जवळजवळ एकच. ४०० हून अधिक माणसें त्यांत गेलीं, आणि त्यांत निम्म्याहून अधिक मुलें होतीं. पुढें १६ जुलै २००४ रोजीं तामिळनाडूंतील कुंभकोणम् येथें शाळेच्या स्वयंपाकघरांतील आग गवती छपरास लागून ९४ मुलें दगावलीं. ह्या दुसऱ्या घटनेवरून सर्वोच्च न्यायालयापुढें खटला चालला व २००९ सालीं निर्णय झाला, कीं मुलाच्या शिक्षणाच्या हक्कांत सुरक्षित शाळेचा हक्कही अंतर्भूत आहे. शाळांनीं आग विझविण्याचीं साधनें ठेवावीं व शिक्षकांस तीं वापरावयास शिकवावें. निर्णय झाला तो कागदावर आहे. आपल्या शाळेच्या भिंतीवर टांगलेल्या त्या तांबड्या नळकांड्यावरील तारीख किती जणांनीं वाचली आहे? संमेलनास गेल्यावर नातीचा नाच सुरू होण्यापूर्वीं पांच मिनिटें मिळतात. तेवढ्यांत बाहेर पडण्याच्या वाटा मोजाव्या, आणि त्यांपुढें कोणी खुर्च्या रचल्या असल्यास त्या उचलून बाजूला ठेवावयास चारचौघांत लाजूं नये.

२०२५ सालच्या ऑगस्टच्या अखेरीस विरारमध्यें रमाबाई अपार्टमेंट नांवाच्या इमारतीचा भाग मध्यरात्रीं कोसळून १७ माणसें गेलीं. तेथें एका घरीं लहान मुलीचा पहिला वाढदिवस साजरा होत होता. ह्या तालुक्यांत इमारती किती घाईनें उभ्या राहिल्या हें आम्हीं सांगावयास नको. आपली मुलें ज्या इमारतींत दिवसाचे सहा तास बसतात, ती कोणीं तपासली, केव्हां तपासली, हेंही पालकसभेंत विचारण्याजोगें आहे. पालकसभेंत आजवर गणवेशाच्या रंगावर तासतासभर वाद झालेले आम्हीं ऐकले आहेत.

ह्यानंतरची गोष्ट लिहितांना हात अडखळतो. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्यांत आमच्याच वसईच्या पूर्व भागांतील एका शाळेंत सहावींतल्या एका मुलीला उशिरां आल्याबद्दल शंभर उठाबशांची शिक्षा झाली असें तिच्या घरच्यांनीं सांगितलें. मुलीची प्रकृति बिघडली, आणि बालदिनाच्या सुमारास ती हें जग सोडून गेली. प्रकरण पोलिसांत गेलें. मृत्यूचें कारण ठरविणें हें वैद्यांचें व न्यायासनाचें काम आहे. तें आमचें नव्हे. परंतु ती वार्ता ऐकून आमच्या घराघरांतून जें बोलणें झालें, त्याविषयीं बोलण्याचा अधिकार आम्हांस आहे.

"शिस्त नको काय?" असें कित्येक वडीलधाऱ्यांनीं विचारलें. "आम्हांला काय थोडा मार बसला? म्हणून तर शिकलों." ह्या युक्तिवादांत एक गफलत आहे. ज्यांना मार बसून विद्या आली, ते आज ओटीवर बसून ती गोष्ट सांगत आहेत. ज्यांनीं त्या माराच्या भीतीनें शाळाच सोडली, जे अडखळत बोलूं लागले, ज्यांना गणिताचें पुस्तक दिसतांच घाम फुटे, ते आपली गोष्ट सांगावयास ओटीवर येत नाहींत. प्रत्येक जुन्या घराण्याच्या वंशावळींत असा एखादा काका असतो, ज्याच्याविषयीं केवळ "त्याला विद्या आली नाहीं" एवढेंच बोललें जातें. ती कां आली नाहीं, हें त्याला कोणी विचारलें नाहीं.

कायद्याची बाजू तर निःसंदिग्ध आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानें मुलास शारीरिक शिक्षा करणें व मानसिक छळ करणें ह्या दोहोंस बंदी केली आहे. तो कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलांत आहे. उठाबशा, उन्हांत उभें करणें, वर्गासमोर अपमान करणें, ह्यांस शिस्त हें नांव देऊन कोणाची सुटका होत नाहीं.

आणि उशीर तरी कोणाचा? आम्ही एका गृहिणीस सहज विचारलें, तेव्हां त्या हंसून म्हणाल्या, "अहो, आमच्याकडे माणसें अकरा आणि न्हाणीघर एक. सकाळीं आधीं मामंजींची पूजा, मग लोकल धरणाऱ्या पुरुषांचीं आंघोळी-पांघोळी, मग कॉलेजची नणंद. मुलीचा नंबर लागेपर्यंत शाळेची गाडी वाडीच्या तोंडाशीं येऊन भोंगा वाजवीत असते." शाळेंत मात्र ह्या साऱ्याचा जाब दहा वर्षांच्या मुलीस द्यावा लागतो. घरांतील सर्वांत लहान माणसाला सर्वांत शेवटचें पाणी मिळावें, आणि त्या उशिराची शिक्षाही त्यालाच मिळावी, हा न्याय आमच्या एकत्र कुटुंबपद्धतीस शोभणारा नाहीं. न्हाणीघराचा क्रम बदलणें हें मुख्याध्यापकांच्या हातीं नाहीं; तें घरांतल्या सर्वांत ज्येष्ठ पुरुषाच्या हातीं आहे, आणि त्यासाठीं त्याला केवळ अर्धा तास आधीं किंवा अर्धा तास नंतर पूजेस बसावें लागेल. देवाची त्याला हरकत असेल असें वाटत नाहीं.

आणखी एक विषय असा आहे, कीं ज्याचा उच्चार आमच्या घरांतून होत नाहीं. २०२४ च्या ऑगस्टमध्यें बदलापूर येथें शाळेंतील एका सफाई कामगारानें चार वर्षांच्या दोन मुलींवर केलेल्या अत्याचाराचा गुन्हा उघडकीस आला, तक्रार नोंदविण्यासाठीं पालकांस ताटकळावें लागलें, व लोकांनीं संतापून रेल्वे अडविली. त्यानंतर शाळांतून टेहळणीचे कॅमेरे बसविण्याचे हुकूम सुटले. कॅमेरे असावेतच. परंतु मूल प्रथम बोलतें तें कॅमेऱ्याशीं नव्हे. तें आत्याच्या मांडीवर डोकें ठेवून म्हणतें, "मला त्या काकांच्या गाडींत बसावयाचें नाहीं," किंवा शाळेच्या वेळीं रोज पोट दुखतें म्हणतें, किंवा कांहींच म्हणत नाहीं आणि अंथरूण ओलें करूं लागतें. अशा वेळीं "नसते नखरे पुरेत" हे शब्द ज्या घरांत निघतात, तेथें तें मूल दुसऱ्यांदा बोलत नाहीं. घराण्याचें नांव जाईल म्हणून गोष्ट दाबून ठेवणारीं माणसें वाईट असतात असें नाहीं. बहुधा तीं प्रेमळच असतात. म्हणून त्यांनीं हें जाणून असावें, कीं २०१२ च्या बालसंरक्षणाच्या कायद्याप्रमाणें असा गुन्हा ठाऊक असून न कळविणें हाच गुन्हा आहे, आणि त्याच कायद्यानें मुलाचें नांव व ओळख छापण्यास वा पसरविण्यास मनाई केली आहे. नांव जाण्याची भीति कायद्यानें आधींच ओळखलेली आहे. कोणाकडे जावें हें सुचेनासें झाल्यास १०९८ हा मुलांसाठींचा दूरध्वनि क्रमांक आहे. तो मुलांसही पाठ करवावा, जसे आपण त्यांस परवचा पाठ करवितों.

शाळेच्या गाड्यांसंबंधीं थोडक्यांत. महाराष्ट्रांत २०११ सालचे शालेय बसगाड्यांचे नियम आहेत, व त्यांप्रमाणें प्रत्येक शाळेंत वाहतुकीची समिति असावी लागते आणि तींत पालकांचा प्रतिनिधि असतो. आपल्या शाळेंतील तो प्रतिनिधि कोण, हें शोधून काढावें. गाडींत मुलें कोंबलेलीं दिसल्यास वाडीच्या तोंडाशीं चालकाशीं भांडण्यापेक्षां ह्या समितीकडे चार ओळी लिहून द्याव्या. चालक दुसऱ्या दिवशीं बदलतो, लिहिलेला कागद राहतो.

बावखलांविषयीं मागें एका वाचकानें लिहिलें होतें. हीं गोड्या पाण्याचीं बावखलें वसईच्या बागायतीचा जीव आहेत, आणि तीं बुजविलीं जाऊं नयेत म्हणून येथल्या लोकांनीं, त्यांत दिवंगत फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यासारख्यांनीं, पुष्कळ झगडा केला आहे. मूल बुडेल म्हणून बावखल बुजवा, असा सूर कोठें कोठें निघूं लागला आहे, तो आम्हांस मान्य नाहीं. त्याला कांठ बांधावा, वाडीकडील बाजूस बांबूचें कुंपण घालावें, आणि मुलांस उन्हाळ्याच्या सुटींत त्याच पाण्यांत पोहावयास शिकवावें. आपल्या आजोबांच्या पिढीनें हेंच केलें होतें.

संक्रांत जवळ येत आहे. पतंगासाठीं नायलॉनचा मांजा घरांत आणूं नये. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१७ सालीं त्यावर बंदी घातली आहे, तरी तो दुकानांतून मिळतो. त्यानें पक्ष्यांचे पंख कापतात आणि दुचाकीवरून जाणाऱ्यांचे गळे. साध्या सुती दोऱ्यानें पतंग थोडे अधिक कापले जातील, आणि मुलांस ते लुटावयास अधिक मिळतील. मात्र लुटतांना त्यांनीं वर न पाहतां रस्त्याकडे पाहावें, हें सांगावयास वाडीच्या तोंडाशीं त्या दोन दिवसांपुरतें एखाद्या आजोबांनीं खुर्ची टाकून बसावें.